व्ह्यूवरून भरलेली निवडयादी: नाव एकाचं, पट्टी दुसऱ्याची

प्रश्न थोडक्यात असा. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातलं गुळाचं अडत दुकान. लिबरऑफिस बेसमध्ये पट्टीचा (शेतकऱ्याला द्यायच्या विक्री-हिशेबाचा) फॉर्म, मागे माहिती साठवणारा मारियाडीबी सर्व्हर. पट्टीवर शेतकऱ्याचं नाव निवडायची यादी ‘खातेदार_यादी’ नावाच्या व्ह्यूमधून (टेबलांवर बांधून ठेवलेल्या क्वेरीमधून) येते. या व्ह्यूत ‘शेतकरी’ आणि ‘व्यापारी’ ही दोन टेबलं युनियनने (एकाखाली एक) जोडली आहेत, गावाचं टेबल जोडलं आहे, फक्त चालू खाती घेतली आहेत आणि प्रत्येकाला रो नंबर फंक्शनने क्रमांक दिला आहे. तक्रारी चार: डेटाबेस जुन्या विंडोज संगणकावरून नव्या लिनक्स सर्व्हरवर हलवल्यापासून दुकानातल्या एका संगणकावर यादी रिकामी येते, नवा शेतकरी नोंदवला तरी यादीत दिसत नाही, मागच्या हंगामातल्या काही पट्ट्यांवर नावाची जागा कोरी दिसते, आणि काही पट्ट्यांवर भलत्याच शेतकऱ्याचं नाव आलं आहे.

चौथी तक्रार आधी घ्या, कारण बाकीच्या तीन गैरसोयी आहेत आणि ही पैशाची चूक आहे. तोवर या फॉर्मवर नवीन पट्टी करणं थांबवा. सौदे चालू असतील तर दिवाणजींना दोन दिवस हातपट्टी लिहू द्या. यादीतून निवडलेली प्रत्येक नवी नोंद पुढे दुरुस्तीचं काम वाढवते.

कारण तुमच्या प्रश्नातच आहे: रो नंबर. या फंक्शनने मिळणारा क्रमांक त्या माणसाचा नसतो, त्या क्षणी यादीत तो कितवा आहे याचा असतो. नावाच्या क्रमाने यादी अशी होती समजा: १ आडके, २ कुंभार, ३ चौगुले, ४ पाटील. चौगुल्यांच्या पट्टीत ३ साठवला गेला. आठवड्याने कांबळे नावाचं नवं खातं उघडलं, ते आडके आणि कुंभार यांच्या मध्ये बसलं. आता ३ म्हणजे कुंभार. पट्टीच्या टेबलात काहीही बदललं नाही, तरी पट्टी कुंभारांच्या नावावर गेली. एखादं खातं बंद केलं की सगळं उलट दिशेने सरकतं. म्हणून ही चूक कधी दिसते, कधी आपोआप ‘बरी’ होते, आणि फॉर्ममध्ये दोष शोधून सापडत नाही.

रो नंबर तिथे का आला असावा हेही उघड आहे. शेतकरी क्रमांक १७ आणि व्यापारी क्रमांक १७ दोन्ही असतात. युनियन केलं की एकच क्रमांक दोनदा येतो. व्यापारी १७ निवडून नोंद सेव्ह करा आणि परत उघडा: १७ दोघांचाही असल्याने लिस्ट बॉक्सला (फॉर्मवरच्या निवडयादीच्या चौकटीला) ते दोघं वेगळे ओळखता येत नाहीत, आणि तो शेतकरी १७ चं नाव दाखवू शकतो. यावर उतारा म्हणून कोणीतरी ‘सलग क्रमांक’ घातला. आजार एका पट्टीचा होता, औषधाने सगळ्या पट्ट्यांना लावला.

दुरुस्तीचे दोन मार्ग आहेत. पट्टीच्या फॉर्मला व्यापारी लागतच नसतील (पट्टी शेतकऱ्याचीच असते) तर युनियन काढून टाका. या फॉर्मसाठी फक्त शेतकऱ्यांचा व्ह्यू करा आणि त्यात ‘शेतकरी’ टेबलाची प्रायमरी की (प्रत्येकाचा स्वतःचा, न बदलणारा क्रमांक) जशीच्या तशी घ्या. येणे-देण्याच्या पावतीसारख्या फॉर्मला मात्र दोघेही लागतात. तिथे एकच ‘खातेदार’ टेबल करा, ‘प्रकार’ असा एक रकाना ठेवा, आणि दोन्ही टेबलांतली माणसं त्यात आणा. ‘शे-१७’, ‘व्या-१७’ अशी जोड-की व्ह्यूमध्ये बनवायचा मोह होईल. चालतं ते, पण त्या रकान्यावर फॉरेन की (दुसऱ्या टेबलात असलेलाच क्रमांक घेऊ देणारं बंधन) लावता येत नाही, आणि इथे खरी राखण फॉरेन कीच करते. फॉरेन की टेबलाकडे बोट दाखवते, व्ह्यूकडे दाखवू शकत नाही. पट्टीच्या टेबलावर ‘शेतकरी_क्रमांक’ची फॉरेन की पहिल्यापासून असती तर शेतकऱ्यांच्या टेबलात नसलेला क्रमांक सेव्ह होतानाच अडला असता आणि हा घोळ लवकर उजेडात आला असता.

युनियन ठेवायचंच असेल तर आणखी एक खाच. नुसतं युनियन सारख्या ओळी गाळतं. व्ह्यूत क्रमांकाचा रकाना नसेल आणि निगवे दुमाल्यात एकाच नावाचे दोन शेतकरी असतील तर यादीत एकच उरेल. युनियन ऑल लिहा, मग असं होणार नाही. सर्व्हरचं कामही कमी होतं.

फॉर्म उघडण्याआधी

पुढच्या तिन्ही तक्रारींसाठी शोधाचा क्रम एकच. फॉर्म बंद ठेवा. यादीमागची एसक्यूएल आज्ञा उचला आणि बेसच्या क्वेरी विंडोत ‘रन एसक्यूएल कमांड डायरेक्टली’ हे बटण दाबून चालवा. फॉर्म ज्या युजरने जोडला जातो त्याच युजरने. रूट या सर्वाधिकारी युजरने पीएचपीमायॲडमिनमध्ये (सर्व्हर ब्राउझरमधून हाताळायच्या साधनात) चालवून ‘इथे तर नीट दिसतंय’ म्हणण्यात अर्थ नाही, कारण रूटला सगळंच दिसतं.

किती ओळी आल्या ते लिहून ठेवा आणि चार गोष्टी मोजा. एक, क्रमांकाच्या रकान्यावर ग्रुप बाय करून काउंट एकापेक्षा जास्त असलेले. उत्तर शून्य ओळी हवं. दोन, दाखवायच्या रकान्यात नल (न भरलेल्या जागा) किती. तीन, ‘शेतकरी’ टेबलात चालू खाती किती आणि व्ह्यूत किती; फरक पडला तर कोण गळलं ते लेफ्ट जॉइनने (जोडी न मिळालेल्या ओळीही ठेवणाऱ्या जोडणीने) काढा. चार, ‘पट्टी’ टेबलातले असे क्रमांक जे व्ह्यूत नाहीत: पट्टी लेफ्ट जॉइन व्ह्यू, आणि अट व्ह्यूचा क्रमांक इज नल. ही चौथी क्वेरी सेव्ह करून ठेवा, कोऱ्या नावांची सगळी यादी ती एका झटक्यात देते.

इथे आकडे नीट आले तर दोष फॉर्मकडे आहे. नाही आले तर कंट्रोलच्या (फॉर्मवरच्या चौकटीच्या) प्रॉपर्टीत कितीही खटपट केलीत तरी उपयोग नाही.

रिकामी यादी

बेसमध्ये यादीची क्वेरी फसली की फॉर्म उघडताना यादीतला मजकूर ठरवता आला नाही अशा अर्थाचा संदेश येतो. बहुतेक लोक ओके दाबून पुढे जातात आणि रिकामी यादी पाहून गोंधळतात. संदेशातलं ‘मोअर’ बटण दाबा. सर्व्हरचा मूळ एरर नंबर तिथे मिळतो आणि निम्मं काम होतं.

विंडोजवरून लिनक्सवर आलेल्या डेटाबेसमध्ये तीन नंबर नेहमीचे.

१४४९: व्ह्यूचा डिफायनर असलेला युजर या सर्व्हरवर नाही. मारियाडीबी आणि मायएसक्यूएलमध्ये व्ह्यू बनवताना काही सांगितलं नाही तर तो ‘एसक्यूएल सिक्युरिटी डिफायनर’ पद्धतीचा होतो, म्हणजे बनवणाऱ्याच्या अधिकारांवर चालतो. डंप फाइलमध्ये (डेटाबेसच्या पूर्ण नकलेत) त्या युजरचं नाव आणि होस्ट (तो ज्या संगणकावरून जोडतो तो) जसंच्या तसं जातं. जुन्या संगणकावरचा युजर नव्या सर्व्हरवर नसेल तर टेबलं उघडतात, व्ह्यू उघडत नाही. नावाबरोबर होस्टही जुळावा लागतो: लोकलहोस्टवरचा ‘हिशेब’ आणि टक्का चिन्हवाला ‘हिशेब’ हे सर्व्हरच्या लेखी दोन वेगळे युजर.

१३५६: व्ह्यू ज्या टेबलाकडे, रकान्याकडे किंवा फंक्शनकडे बोट दाखवतो ते राहिलेलं नाही, किंवा डिफायनरला (अथवा इन्व्होकरला, म्हणजे व्ह्यू वापरणाऱ्याला) त्यावर अधिकार नाही. रकान्याचं नाव बदललं की हमखास हा येतो. ‘चेक टेबल’ ही आज्ञा व्ह्यूवरही चालते आणि काय सापडत नाही ते सांगते.

११४६: टेबल सापडत नाही. टेबल समोर दिसत असतं, तरी. विंडोजवर मारियाडीबी टेबलांच्या नावात मोठी-लहान रोमन अक्षरं एकच धरते, लिनक्सवर वेगळी धरते. यादीच्या आज्ञेत नाव मोठ्या अक्षराने सुरू केलं असेल आणि सर्व्हरवर ते लहान अक्षरांत असेल, तर विंडोजवर वर्षानुवर्षं चाललेली यादी नव्या सर्व्हरवर पहिल्याच दिवशी बंद पडते. सर्व्हरचं ‘लोअर केस टेबल नेम्स’ सेटिंग बदलत बसू नका. आज्ञेतली नावं दुरुस्त करा.

तुमच्याकडे एकाच संगणकावर यादी रिकामी येते, म्हणून मला संशय अधिकारांचा आहे. तो संगणक वेगळ्या युजरने जोडलेला असेल आणि त्या युजरला व्ह्यूवर सिलेक्टचा अधिकार दिलेला नसेल. ‘शो ग्रँट्स’ पाहा. व्ह्यूच्या व्याख्येसाठी ‘शो क्रिएट व्ह्यू’ चालवा, डिफायनर कोण ते वाचा, आणि सर्व्हरवर नक्की असलेल्या युजरच्या नावाने व्ह्यू पुन्हा बनवा. ‘एसक्यूएल सिक्युरिटी इन्व्होकर’ केलंत तर प्रत्येक युजरला खालच्या टेबलांवरही सिलेक्ट द्यावं लागेल. दुकानातल्या मुलांना शेतकऱ्यांच्या टेबलातले बँक खाते क्रमांक दिसू नयेत असं वाटत असेल तर डिफायनरच ठेवा आणि फक्त व्ह्यूवर अधिकार द्या.

व्ह्यू आहे, अधिकार आहे, पण बेसच्या टेबलांच्या यादीतच तो दिसत नाही, तर व्ह्यू मेनूतलं ‘रिफ्रेश टेबल्स’ दाबा. तरीही नसेल तर टूल्स मेनूत ‘टेबल फिल्टर’मध्ये त्याच्यापुढे खूण करायची राहून गेली आहे का बघा.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर जोडणीचा कॅरॅक्टर सेट चुकला आहे. इथे एक गोष्ट लगेच तपासा: टेबलातलं नाव हेक्स फंक्शनमधून काढा. ‘३ एफ’ची रांग आली तर प्रश्नचिन्हंच साठवली गेली आहेत, मूळ अक्षरं गेली, बॅकअप शोधा. ‘ई ० ए ४’ किंवा ‘ई ० ए ५’ने सुरू होणारे तीन-तीन बाइटचे गट आले तर देवनागरी शाबूत आहे. जोडणी यूटीएफ८एमबी४ करा, भागेल.

नवा शेतकरी दिसत नाही

याची कारणं दोन थरांत आहेत आणि लोक फक्त वरचा थर पाहतात. वरचा थर असा: लिस्ट बॉक्स आपली यादी फॉर्म उघडताना वाचतो आणि धरून ठेवतो. पट्टीचा फॉर्म उघडा असताना दुसऱ्या संगणकावर कोणी नवं खातं टाकलं तर ते आपोआप येत नाही. कर्सर त्या लिस्ट बॉक्समध्ये ठेवून नेव्हिगेशन बारवरचं ‘रिफ्रेश कंट्रोल’ दाबा. शेजारचं साधं ‘रिफ्रेश’ फॉर्मच्या नोंदींसाठी आहे, दोन्हींत गल्लत होते. रोज दहादा हे करायचं नसेल तर लिस्ट बॉक्सच्या ‘व्हेन रिसीव्हिंग फोकस’ इव्हेंटवर त्या कंट्रोलची रिफ्रेश मेथड बोलावणारा छोटा मॅक्रो लावा. यादी हलकी असेल तर कोणाला जाणवतही नाही. जड असेल तर जाणवेल, त्याबद्दल पुढे.

नवं खातं टाकणाऱ्याने नोंद सेव्ह केली आहे का, हेही विचारा. बेसमध्ये शेवटच्या रकान्यात टाइप करून फॉर्म तसाच उघडा ठेवला तर नोंद डेटाबेसात गेलेली नसते.

रिफ्रेश करूनही, फॉर्म बंद-चालू करूनही नाव येत नसेल तर खालच्या थरात उतरा. पहिला संशयित ‘चालू’ रकाना. अट असते चालू बरोबर १. नव्या नोंदीत तो रकाना कोणी भरला नाही, डीफॉल्ट दिलेला नाही, तर तिथे नल आहे. नल १ च्या बरोबर नसतं, म्हणून नोंद गळते. गंमत म्हणजे ‘बंद’ असा रकाना ठेवून ‘बंद एक नाही’ अशी अट लिहिली तरी नलवाली नोंद गळतेच. रकाना नॉट नल करा, डीफॉल्ट १ द्या, आधीचे नल भरून घ्या.

दुसरा संशयित गावाची जोडणी. साधा जॉइन असेल तर गाव न भरलेला शेतकरी व्ह्यूत येणारच नाही. लेफ्ट जॉइन करा. पण लेफ्ट जॉइन करून खाली व्हेअरमध्ये गावाच्या टेबलावर अट ठेवली (तालुका करवीर, वगैरे) तर तो पुन्हा साध्या जॉइनसारखाच वागतो. ती अट ऑनमध्ये न्या.

तिसरा फार फसवा. नाव आणि गाव कॉनकॅट (मजकूर जोडणाऱ्या) फंक्शनने चिकटवून दाखवता आणि गाव नल आहे. मग कॉनकॅटचं सगळं उत्तर नल. यादीत ओळ असते, पण कोरी. कॉनकॅट डब्ल्यूएस वापरा, ते नल वगळून बाकीचं जोडतं.

याच जागी उलट दोषही भेटतो, एक शेतकरी दोनदा दिसण्याचा. व्ह्यूत फोनचं टेबल जोडलं असेल आणि एका शेतकऱ्याचे दोन नंबर असतील तर ओळी दोन होतात. यावर डिस्टिंक्ट (सारख्या ओळी गाळणारा शब्द) मारून गप्प बसवू नका. निवडयादीला फोन नंबर लागत नाही, तो जॉइनच काढा.

आणि व्ह्यू ‘सिलेक्ट तारा’ (सगळे रकाने) लिहून बनवला असेल तर टेबलात नंतर वाढवलेले रकाने त्यात येत नाहीत. तारा म्हणजे कोणते रकाने हे व्ह्यू बनवतानाच ठरून जातं. व्ह्यूत रकान्यांची नावं लिहायची सवय लावा.

जुन्या पट्टीवर कोरी जागा

कोरी जागा म्हणजे नोंद पुसली गेली असं नाही. लिस्ट बॉक्स साठवलेला क्रमांक आपल्या यादीत शोधतो, सापडला तर नाव दाखवतो, नाही तर कोरं. मागच्या हंगामातल्या एखाद्या शेतकऱ्याने गुऱ्हाळ बंद केलं, तुम्ही खातं ‘बंद’ केलं, व्ह्यू फक्त चालू खाती देतो. क्रमांक टेबलात आहे, यादीत नाही. दिवाणजींना एवढं नक्की सांगा की कोरी जागा दिसली म्हणून दुसरं नाव निवडून ती ‘भरायची’ नाही. तसं केलं की मूळ क्रमांक खरोखरच जातो.

नवीन निवडण्यासाठीची यादी आणि जुनं दाखवण्यासाठीची यादी या दोन वेगळ्या गरजा आहेत, आणि एका व्ह्यूवर दोन्ही लादल्या की हा दोष येतो. सोपा इलाज: यादीच्या व्ह्यूत सगळी खाती घ्या, बंद खात्याच्या नावापुढे ‘(बंद)’ असा शब्द जोडा, आणि क्रम लावताना आधी ‘चालू’ उतरत्या क्रमाने, मग नाव, अशी मांडणी करा. बंद नावं तळाला जातात, जुन्या पट्ट्यांवर नाव दिसतं. बंद खात्यावर नवी पट्टी होऊ नये म्हणून टेबलावर ‘बिफोर इन्सर्ट’ ट्रिगर (नोंद होण्याआधी आपोआप चालणारी आज्ञा) लावा. अडवणं हे यादीचं काम नाही. दुसरा इलाज असा की जुन्या पट्ट्या पाहायला वेगळा फॉर्म ठेवा आणि त्यात निवडयादीच नको, नाव क्वेरीतून साध्या मजकूर-चौकटीत आणा. पट्ट्या बघणारे आणि करणारे लोक वेगळे असतील तर मी हाच करेन.

प्रकार न जुळल्यामुळेही कोरी जागा येते. पट्टीत क्रमांक पूर्णांक आहे आणि व्ह्यूत तो कॉनकॅटमधून किंवा शून्यं लावून ‘०१७’ असा मजकूर होऊन आला, तर जुळणी भरवशाची राहत नाही. व्ह्यूवर ‘डिस्क्राइब’ चालवून रकान्याचा प्रकार बघा. दाखवण्यासाठी सजवलेला क्रमांक आणि साठवण्यासाठीचा क्रमांक हे दोन वेगळे रकाने ठेवा.

तालुका निवडल्यावर त्याच तालुक्यातली गावं दाखवणारी यादी केली असेल तर तिथेही हेच. टेबल कंट्रोलमध्ये, म्हणजे एकाखाली एक ओळी असलेल्या तक्त्यात, एका रकान्याला एकच यादी असते. वर कागल निवडलं की यादीत कागलची गावं उरतात आणि शिरोळच्या ओळींवरची नावं कोरी दिसतात. अशी चाळणारी यादी एका वेळी एकच नोंद दाखवणाऱ्या फॉर्ममध्येच वापरा.

कंट्रोलच्या प्रॉपर्टी

आता फॉर्म उघडा. लिस्ट बॉक्सच्या ‘डेटा’ टॅबवर चार जागा महत्त्वाच्या. ‘डेटा फील्ड’: पट्टीच्या टेबलातला शेतकरी_क्रमांक. ‘टाइप ऑफ लिस्ट कंटेंट्स’: एसक्यूएल. इथे ‘टेबल’ निवडून व्ह्यूचं नाव देता येतं, पण मग कोणता रकाना दाखवायचा हे बेस ठरवतो आणि व्ह्यूतल्या रकान्यांचा क्रम बदलला की यादीचं रूप बदलतं. ‘लिस्ट कंटेंट’: सिलेक्टमध्ये दोनच रकाने, आधी दाखवायचा, मग साठवायचा, आणि शेवटी ऑर्डर बाय. ‘बाउंड फील्ड’: १.

या १ चा अर्थ दुसरा रकाना, कारण बेस शून्यापासून मोजतो. ० टाकलंत तर दिसणारं नावच साठवायला जाईल. उणे १ टाकलंत तर यादीतलं स्थान साठवलं जाईल, म्हणजे रो नंबरचा रोग मागच्या दाराने परत आत. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमधून आलेल्यांची इथे हमखास चूक होते: तिथे ‘बाउंड कॉलम’ १ पासून मोजतात आणि १ म्हणजे पहिला रकाना. ॲक्सेसवाल्यांसाठी आणखी एक सूचना. व्ह्यू ओडीबीसीने (सर्व्हरशी जोडणाऱ्या दुव्याने) लिंक करताना ॲक्सेस ओळ ओळखणारा रकाना विचारतो. तिथे आडनाव किंवा गाव असा पुन्हा पुन्हा येणारा रकाना निवडलात तर एकच माणूस अनेकदा दिसतो आणि बाकीचे गायब होतात. सर्व्हरवर व्ह्यू मात्र ठणठणीत असतो. लिंक काढून पुन्हा करा आणि खरी की निवडा.

लिस्ट बॉक्सऐवजी कॉम्बो बॉक्स ठेवू नका. त्यात टाइप करून नाव शोधणं सोयीचं वाटतं, पण तो दिसतो तोच मजकूर साठवतो, त्याला ‘बाउंड फील्ड’ नसतं. गावाचं नाव मजकूर म्हणून ठेवायचं असेल तिथे तो ठीक, क्रमांकासाठी नाही.

फॉर्म स्वतःच व्ह्यूवर उभा असेल तर बेसला त्याची प्रायमरी की कळत नाही आणि नवीन नोंद करता येत नाही. यादी कितीही बरोबर असली तरी निवड सेव्ह होणार नाही. फॉर्म टेबलावर, यादी व्ह्यूवर, अशी वाटणी ठेवा.

क्रम व्ह्यूमध्ये लावू नका. मारियाडीबी व्ह्यूत ऑर्डर बाय लिहू देते, पण बाहेरच्या क्वेरीत स्वतःचा ऑर्डर बाय असला की आतला पाळला जात नाही. एसक्यूएल सर्व्हर तर टॉप किंवा ऑफसेटसारखी जोड नसेल तर लिहूच देत नाही. यादीच्या आज्ञेतच लिहा. मराठी क्रमाची अपेक्षा मात्र बेताची ठेवा. जनरल किंवा बायनरी कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम ठरवणारे नियम) युनिकोडच्या क्रमाने लावतं, त्यामुळे क्षीरसागर ‘क’च्या शेवटी सापडतात आणि काळे हे काशीद, कासार यांच्या आधी येतात. दिवाणजींना हे एकदा दाखवून द्या.

अक्षरांचा खरा त्रास दुसरीकडे आहे: सारखं दिसणारं नाव सारखं नसतं. ‘कुऱ्हाडे’ हे ऱ टाकून लिहिलं तर ८ अक्षरखुणा, यूटीएफ८मध्ये २४ बाइट. दुसऱ्या कीबोर्डवर र, हलन्त आणि न दिसणारा जोडक टाकून लिहिलं तर ९ खुणा, २७ बाइट. पडद्यावर दोन्ही एकच. जनरल कोलेशनमध्ये ही दोन नावं वेगळी धरली जातात, म्हणून डिस्टिंक्ट करूनही दोनदा दिसतात. कॅरॅक्टर लेंग्थ फंक्शनने दोन्ही मोजा, लगेच कळेल. गावांचंही तसंच: ‘कसबा बावडा’, ‘क. बावडा’ आणि शेवटी एक तुटत नसलेली स्पेस चिकटलेलं ‘कसबा बावडा’. गाव हे टाइप करायचं नव्हे, क्रमांकाने निवडायचं टेबल करा, आणि यादीत शेतकऱ्याचं नाव, गाव, खाते क्रमांक तिन्ही एकत्र दाखवा. पाटील आडनावाच्या माणसांत नुसत्या नावावरून निवडायला लावणं म्हणजे चुकीला आमंत्रण.

यादी उघडायला वेळ लागत असेल तर व्ह्यूत बाकी रक्कम काढली आहे का बघा. सम आणि ग्रुप बाय आला की सर्व्हरला व्ह्यू बाहेरच्या क्वेरीत मिसळता येत नाही. युनियन, डिस्टिंक्ट, लिमिट यांचंही तेच. तो आधी सगळा तात्पुरत्या टेबलात भरतो, मग तुमची दोन नावं देतो. म्हणजे शेतकरी निवडण्यासाठी सगळ्या हंगामांच्या पट्ट्यांची बेरीज. बाकीचा व्ह्यू वेगळा करा आणि शेतकरी निवडल्यावर त्या एकाचीच बाकी आणा.

चुकलेल्या पट्ट्या

आधी पूर्ण डंप घ्या. पट्टीच्या टेबलात ‘खरा_क्रमांक’ हा नवा रकाना वाढवा आणि जुन्या रकान्याला हात लावू नका, तोच पुरावा आहे. रोजचे बॅकअप असतील तर ज्या तारखेच्या पट्ट्या तपासायच्या त्या दिवसाचा बॅकअप वेगळ्या नावाच्या डेटाबेसात उतरवा, तिथे जुना व्ह्यू चालवा आणि क्रमांक व नाव यांची जोडी काढा. ज्या दोन तारखांच्या दरम्यान खातं उघडलं नाही, बंद झालं नाही आणि कोणाच्या नावात दुरुस्ती झाली नाही, त्या सगळ्या काळाला एकच जोडी लागू पडते. म्हणून रोजचा बॅकअप उतरवायची गरज नाही, बदलाच्या दिवसांच्या आधीचा आणि नंतरचा पुरे.

बदल झाला त्या दिवसाच्या पट्ट्या मात्र अशा काढता येणार नाहीत. फॉर्म सकाळी उघडला, यादी तेव्हाच वाचली गेली, दुपारी नवं खातं पडलं. संध्याकाळपर्यंत त्या फॉर्मवरून जुनेच क्रमांक साठवले गेले आणि शेजारच्या संगणकावर उशिरा उघडलेल्या फॉर्मवरून नवे. वेळेवरूनही हे वेगळं काढता येत नाही. या दिवसांच्या पट्ट्या आवक रजिस्टरशी ताडून पाहा: तारीख, रव्यांची (गुळाच्या ढेपांची) संख्या, वजन. ३० किलोचे की १० किलोचे रवे हेही तिथे लिहिलेलं असतं, त्यामुळे दोन सारख्या वजनांचा घोळही बहुतेक वेळा सुटतो. ‘खरा_क्रमांक’ पूर्ण भरला, एकही नल उरला नाही, की त्याच रकान्यावर ‘शेतकरी’ टेबलाची फॉरेन की लावा. ती १४५२ देऊन नाकारली गेली तर अजून एखाद्या पट्टीत टेबलात नसलेला क्रमांक आहे. वरची चौथी क्वेरी नव्या व्ह्यूवर आणि ‘खरा_क्रमांक’ घेऊन पुन्हा चालवा, ती पट्टी समोर येईल. फॉरेन की बसल्यावर फॉर्मचं ‘डेटा फील्ड’ या नव्या रकान्याकडे वळवा, आणि मगच दिवाणजींना फॉर्म उघडून द्या.